त्या वर्षीचं चित्र

हिसाए नागामोरी पहिल्यांदा दुकानात आल्या त्या दिवशी शरयूने त्यांना सोनेरी पट्ट्यांचे नमुने दाखवले, आणि ती गोष्ट पुढे कितीतरी दिवस दोघींना हसायला पुरली.

सिएटलजवळच्या बॉथेल गावात, मेन स्ट्रीटवर फोटोंना आणि चित्रांना फ्रेम करून देणारं ते दुकान. शरयू तिथे आठवड्यातले चार दिवस काम करायची. नागपूरहून केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली बाई लोकांच्या लग्नाच्या फोटोंना चौकटी बसवते याचं तिच्या सासरच्यांना वाईट वाटे. नवरा विनय विमानं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर, घरात कशाची कमी नाही, मग हे कशाला? पण लाकूड, सरस, काच यांत हात घालून काम करायला शरयूला आवडायचं. सासरच्यांचं बोलणं तिने फारसं मनावर घेतलं नाही.

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. सत्तरीकडे झुकलेली एक ठेंगणी, ताठ जपानी बाई, अंगात पुरुषी रेनकोट, खांद्यावर कॅनव्हासची भलीमोठी गुंडाळी घेऊन बसमधून उतरली आणि थेट काउंटरपाशी आली. शरयूने सवयीने सोनेरी, चंदेरी, अक्रोडी पट्ट्या मांडल्या. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कुणी ताटात चपला वाढल्या आहेत.

"फ्रेम नको. नुसतं आतल्या लाकडी चौकटीवर ताणून द्या. बाकीचं मी केलेलं आहे."

शरयूने गुंडाळी उलगडली. एका कोपऱ्यातून काळ्या रंगाचा रुंद पट्टा निघून मध्येच वळला होता आणि वळता वळता विरळ होत गेला होता. बाकी सगळं पांढरं. "यात काय आहे?" शरयू बोलून गेली.

"काहीच नाही. म्हणून तर इतकी वर्षं लागली," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

त्या गेल्यावर दुकानाच्या मालकिणीने शरयूला सांगितलं, या बाई कोण ते. युद्धाआधीच्या तोक्योत बायकांनी फार तर फुलं नि मांजरं रंगवावीत अशी रीत होती. तेव्हा तेवीस वर्षांच्या हिसाएने कुठल्याच वस्तूचा आकार नसलेली चित्रं भर प्रदर्शनात टांगली होती. एका वर्तमानपत्राने लिहिलं, या मुलीच्या हातून शाई सांडलेली दिसते. वडिलांनी वर्षभर बोलणं टाकलं. युद्धाच्या काळात असली चित्रं काढायचीच सोय राहिली नाही, तेव्हा ती एका कारखान्यात पॅराशूट शिवत होती. पुढे न्यूयॉर्कला आल्यावर तिचं नाव झालं. मोठाल्या संग्रहालयांनी चित्रं घेतली, मासिकांत फोटो आले. नंतर लोकांची आवड बदलली, जाहिरातींसारखी रंगीत, चकचकीत चित्रं खपायला लागली. हिसाएंची चित्रं विकणारी गॅलरी बंद पडली. त्या इकडे वॉशिंग्टन राज्यात एका कॉलेजात शिकवायला आल्या, तिथूनच निवृत्त झाल्या आणि गावाच्या कडेला छोटं घर घेऊन, गराजमध्ये स्टुडिओ करून राहिल्या.

हिसाएंची मनगटं संधिवाताने धरली होती. कॅनव्हास ताणायला जोर लागतो, तो त्यांना जमेनासा झाला होता. दुसऱ्या खेपेला त्यांनी शरयूलाच विचारलं, शनिवारी घरी येऊन करून द्याल का? शरयू गेली. मग दर शनिवारी जायला लागली.

गराजमध्ये कॅनव्हास जमिनीवर पसरलेला असे. हिसाए त्याच्याकडे बघत बसत. कधी तासभर, कधी सगळी सकाळ. मग एकदम उठून, दोन्ही हातांनी तो झाडूएवढा ब्रश उचलून, पाच-सहा पावलांत सगळं आटपत. कॅनव्हास फसला तर शरयूकडे वळून, तिच्या नावाला आदराचं जपानी 'सान' लावून म्हणत, "शरयूसान, फाडा." आधी शरयूचा हात धजत नसे. पुढे सवय झाली.

शरयू डब्यात वरणभात नेई, वर तूप. हिसाएंना ते फार आवडे. जेवताना त्या जुन्या गोष्टी सांगत, तोक्योतल्या, न्यूयॉर्कमधल्या. सगळं तुकड्यातुकड्यांनी. मुलाचं त्यांनी जवळजवळ दोन वर्षांनी सांगितलं, तेही शरयूने प्रतिमाविषयी काहीतरी सांगितल्यावर.

प्रतिमा ही शरयूची मुलगी. शरयू आणि विनय अमेरिकेत आले तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती. इथे बस्तान बसेपर्यंत दोन वर्षं ती अमरावतीला आजीजवळ राहिली. शरयू तिला आणायला गेली तेव्हा मुलगी आजीच्या पदराआड लपली आणि "ही कोण?" असं विचारायला लागली.

"मग?" हिसाएंनी विचारलं.

"मग काय, सहा महिने फार रडली. मीपण रडले. हळूहळू सुधारलं. आता चौदा वर्षांची आहे. उलट उत्तरं देते, म्हणजे सगळं ठीक आहे."

हिसाए बराच वेळ चमच्याने भात सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही मुलगा आहे."

त्याचं नाव तेत्सुरो. तो पाच वर्षांचा असताना, पंचावन्न साली, न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी हिसाएंना बोलावणं आलं. सासर व्यापाऱ्याचं, सुनेने चित्रं काढलेली त्यांना खपत नव्हती. नवरा मात्र म्हणाला, जा, पण वर्षभरात परत ये. मुलाला सासूच्या हवाली करून त्या निघाल्या. बोटीवर चढताना त्याला सांगितलं, थंडी संपली की मी येते.

वर्ष संपत आलं तेव्हा गॅलरीवाला म्हणाला, शरद ऋतूत तुमचं स्वतःचं प्रदर्शन लावू, तेवढं करून जा. ते झालं तर बोस्टनहून विचारणा आली. मग आणखी एक. "दर वेळी फक्त एक प्रदर्शन राहिलेलं असायचं," हिसाए म्हणाल्या. चार-पाच वर्षांत नवऱ्याने घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलं आणि हिसाएंना निरोप आला, आता येऊ नका, मुलाची घडी बसली आहे.

शरयू त्या दिवशी घरी परतली ती घुश्शातच. एक बाई पाच वर्षांचं मूल टाकून जाते आणि रेघा ओढत बसते! विनयला सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी जाणार नाही आता तिकडे." विनय म्हणाला, "ठीक आहे, नको जाऊस." पुढच्या शनिवारी ती वरण थोडं जास्तच घालून डबा घेऊन गेली.

चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला सिएटलच्या एका संग्रहालयाने ठरवलं की हिसाए नागामोरींच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन करायचं. तयारीला दोन वर्षं लागणार होती. जपानी वर्तमानपत्रांतसुद्धा बातमी आली, जुने फोटो आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका शनिवारी शरयू गराजमध्ये खिळे काढत असताना आत फोन वाजला. हिसाए बोलून बाहेर आल्या त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

"कोणाचा फोन होता?"

"तेत्सुरोचा. सिएटलला आलाय, कंपनीच्या कामासाठी. पेपरात वाचलं म्हणाला. भेटायला येऊ का, विचारत होता."

"मग?"

"मी म्हटलं, या आठवड्यात मला वेळ नाही."

शरयूने हातातली पक्कड खाली ठेवली. "हिसाएसान, असं कसं म्हणालात तुम्ही?"

"तोंडातून गेलं. इतकी वर्षं हेच तर म्हणत आले."

"हॉटेलचं नाव सांगितलंय का त्याने?"

"सांगितलंय."

"मग आत्ता फोन करा. आत्ता! मी इथे उभी आहे." आणि मग आवाज खाली आणून शरयू म्हणाली, "अहो, मुलं विसरतात. प्रतिमा नाही का विसरली? एकदा समोरासमोर बसलात की निम्मं काम होतं."

शरयूला हे मनापासून वाटत होतं. तिची दोन वर्षं आणि हिसाएंची एकोणतीस, यांत काही फरक असेल हे त्या वेळी तिच्या डोक्यातच आलं नाही. हिसाएंनी फोन केला. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी जेवायला ये, असं ठरलं. फोन ठेवल्यावर त्या शरयूला म्हणाल्या, "तुम्ही पण थांबा. मला एकटीला भीती वाटते."

तेत्सुरो चौतीस वर्षांचा होता. करडा सूट, चष्मा, हातात गुंडाळलेली मिठाईची पेटी. विमानांचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या ओसाकाच्या एका कंपनीत तो इंजिनिअर होता. दारात बूट काढून तो वाकला, हिसाए वाकल्या. मग दोघंही तसेच उभे राहिले आणि शरयूलाच म्हणावं लागलं, "या ना, बसा."

तो इंग्रजीत बोलायला लागला. हिसाएंनी एक-दोनदा जपानीत सुरुवात करून पाहिली. तो उत्तर देई ते इंग्रजीतच, आदबीने, तुटक. शरयूला वाटलं, आपल्याला कळावं म्हणून बोलतो आहे बिचारा. प्रवास कसा झाला, इथे पाऊस फार का, वडील वारले ते कधी. जेवण झालं. शरयूने करून आणलेला पुलाव त्याने सगळा संपवला आणि तिचे आभार मानले. आईचं आणि त्याचं नाक अगदी एकसारखं होतं, आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

चहानंतर त्याने विचारलं, "चित्रं बघू शकतो का?"

तिघं गराजमध्ये आले. भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं त्याने एकेक करून पाहिली. मग हात मागे बांधून तो म्हणाला, "मी नऊ वर्षांचा असताना मला सांधेताप झाला होता. एकोणसाठ साली. हृदयाला धोका होता, म्हणून जवळजवळ वर्षभर अंथरुणातून उठू दिलं नाही. तुम्हाला तार केली होती."

"हो," हिसाए म्हणाल्या. "मिळाली होती."

"आजी मला सांगायची, तुझी आई अमेरिकेत फार मोठं चित्र काढते आहे. अर्धवट सोडून तिला येता येत नाही. मी पडल्या पडल्या छताकडे बघायचो. केवढं असेल ते चित्र? या छताएवढं असेल का? पूर्ण झालं की येईल. एवढं मोठं आहे म्हटल्यावर वेळ लागणारच." तो आईकडे वळला. "ते चित्र मला बघायचं आहे. खरं म्हणजे त्याच्यासाठीच आलो."

गराजच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. हिसाएंची नजर भिंतीला टेकलेल्या चित्रांवरून एकेक करत फिरली. मग त्यांनी सगळ्यात मागच्या चित्राकडे बोट केलं.

"ते. ते मोठं."

शरयूने आणि त्याने मिळून ते बाहेर काढलं. सगळा कॅनव्हास काळा, आणि खालच्या कडेला पांढऱ्याची एक बारीक फट, जणू बंद दाराखालून उजेड यावा. तेत्सुरो सुटाची पर्वा न करता सिमेंटच्या जमिनीवर गुडघे मोडून बसला आणि बघत राहिला. हिसाए त्याच्या मागे उभ्या होत्या. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"छताएवढं नाही," अखेरीस तो म्हणाला आणि थोडंसं हसला. "पण मोठं आहे."

"आवडलं?"

"मला चित्रातलं कळत नाही. पण याच्यासाठी कोणी थांबलं असेल, तर ते मी समजू शकतो."

हिसाएंनी तोंडावर हात धरला आणि त्या भरभर घरात निघून गेल्या. शरयूचेही डोळे भरून आले होते. चित्र पुन्हा जागेवर ठेवायला दोघांनी ते उचललं, फिरवलं. कॅनव्हासच्या पाठीमागे, लाकडी चौकटीवर, हिसाएंच्या अक्षरात नाव होतं आणि त्याखाली साल. एकोणीसशे त्रेसष्ट.

शरयूने ते वाचलं. मान वर केली तर तेत्सुरोही तेच वाचत होता. त्याने आपली बाजू अलगद खाली ठेवली, रुमालाने हात पुसले.

त्याला हॉटेलवर सोडायला शरयूच गेली, कारण हिसाए गाडी चालवत नसत. निरोप घेताना तो आईपुढे पुन्हा वाकला. "चित्र दाखवल्याबद्दल आभारी आहे," एवढंच बोलला.

गाडी हायवेला लागली. मग तो म्हणाला, "मी इंग्रजीत बोललो याचा तुम्हाला त्रास तर झाला नाही?"

"नाही, उलट मला समजत होतं."

"जपानीत बोललो असतो तर तिला काहीतरी म्हणावं लागलं असतं. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं."

शरयूला ते लगेच समजलं. आईला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' याचा निर्णय इंग्रजी मागत नाही.

"तुम्ही पण साल पाहिलंत," तो म्हणाला.

"त्यांच्या लक्षात सालं राहत नाहीत. वय झालंय आता..."

"चित्रकाराला आपल्या चित्राचं साल माहीत असतं. निदान ते साल तरी." वायपरकडे बघत तो म्हणाला, "मी पाहिलं हे तिला सांगू नका. तिला वाटतंय मला पटलं. वाटू दे. प्लीज, मला शब्द द्या."

हॉटेलचं दार आलं होतं, मागून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. शरयूने शब्द दिला.

ती परत आली तेव्हा हिसाए स्वयंपाकघरात कपबशा विसळत होत्या. एकच बशी पुन्हा पुन्हा.

"त्याला पटलं ना?" त्यांनी पाठमोऱ्या राहूनच विचारलं.

"शांत होता," शरयू म्हणाली.

"ते चित्र त्या वर्षीचं नाही, शरयूसान."

शरयू खुर्चीवर बसली. हिसाएंनी नळ बंद केला.

"तार आली तेव्हा प्रदर्शनाला दीड महिना होता. गॅलरीवाला म्हणाला, एवढं उरकून जा. मी थांबले. कॅनव्हास पसरला, शाई कालवली आणि बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. हात उचलेचना. महिनाभर रोज बसत होते. प्रदर्शन रद्द झालं, गॅलरीवाला नको नको ते बोलला. नंतरसुद्धा नाही. ते सगळं वर्ष मी एका हॉटेलात भांडी घासली. त्या वर्षी मी एक रेघ काढलेली नाही. परत जायचं ठरवलं तोवर तिकडून निरोप आला, मुलगा बरा आहे, घरात नवी आई येते आहे." त्या ओले हात पुढे धरून तशाच उभ्या होत्या. "न गेले, न काढलं."

"मग हेच का नाही सांगितलंत त्याला?"

"काय सांगू? की तू ज्याच्यासाठी वर्षभर वाट बघितलीस ते नव्हतंच? निदान चित्र तरी असायला हवं ना. निदान चित्र तरी."

त्याने साल वाचलंय, हे शरयूच्या ओठांवर आलं होतं. पण शब्द देऊन तासही झाला नव्हता. शिवाय हिसाए अतिशय थकलेल्या दिसत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत कधी न दिसलेलं समाधान होतं. बघू, नंतर बोलू, असं शरयूने ठरवलं.

त्या हिवाळ्यात हिसाएंनी गराजमध्ये मावेल तेवढा मोठा कॅनव्हास ताणून घेतला. काय काढणार ते बोलल्या नाहीत, शरयूने विचारलं नाही. मार्चपर्यंत तीनदा प्रयत्न झाला आणि तीनदा "फाडा" झालं. तिसऱ्या खेपेला शरयू म्हणाली, "हे तर चांगलं आहे, हिसाएसान." त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. पण हे आता काढलेलं आहे." मग त्यांनी तो नाद सोडला.

शहाऐंशीच्या मे महिन्यात संग्रहालयात प्रदर्शन उघडलं. केवढाले पांढरे हॉल, पन्नास वर्षांची चित्रं. तोक्योतली जी दोन युद्धातून वाचली होती तीसुद्धा मागवली होती. 'शाई सांडलेली दिसते' म्हणणाऱ्यांच्या देशातून आता टेलिव्हिजनवाले आले होते. विनय टाय लावून आला होता, प्रतिमा कानाशी "मॉम, दिस इज ॲक्च्युअली सो कूल" म्हणत होती. हिसाए गडद निळा किमोनो नेसून खुर्चीवर बसल्या होत्या, लोक येऊन वाकून बोलून जात होते, आणि त्या प्रत्येकाच्या खांद्यावरून दरवाजाकडे बघत होत्या. तेत्सुरोला निमंत्रण गेलं होतं. त्याच्याकडून फुलं आली. पांढरी, महाग, सुंदर बांधलेली. सोबत अभिनंदन.

गाडीतून घरी येताना त्या म्हणाल्या, "चित्र तर आवडलं होतं त्याला. समजू शकतो म्हणाला होता. हो ना? मग येत का नाही?"

"काम असेल," शरयू म्हणाली.

हा प्रश्न त्यांनी पुढेही कितीदा तरी विचारला. नव्या वर्षाला तेत्सुरोचं कार्ड येई, त्यात प्रकृतीची चौकशी असे. हिसाए फोन करत, तो दोन मिनिटं आदबीने बोले. फोन ठेवला की त्या शरयूकडे बघत. शरयूने एकदा विनयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "यार, सांगून टाक ना दोघांना. एवढं काय त्यात?"

"मी शब्द दिलाय."

"कोणाला? ज्याला तू आयुष्यात एकदा भेटलीस त्याला?"

त्याचं बरोबर होतं. तरी हिसाएंपुढे बसलं की शरयूचं धाडस होईना. आईला सांगायचं की मुलाने तुझं खोटं पकडलं, तेही तिथल्या तिथे? एकदा तिने तेत्सुरोच्या कार्डावरचा नंबर काढून ओसाकाला फोन लावला. तो फिरतीवर होता. निरोप ठेवायचाय का, असं सेक्रेटरीने विचारलं. असल्या गोष्टीचा निरोप काय ठेवणार? नको, म्हणून तिने फोन ठेवला, आणि पुन्हा करायचा राहून गेला.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत हिसाएंना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. शरयू हॉस्पिटलमध्ये जवळ बसून असे. तेत्सुरोला कळवलं आहे, तो निघाला आहे, हे तिने त्यांना सांगितलं. त्यांना समजलं की नाही, कुणास ठाऊक. तो विमानात असतानाच त्या गेल्या.

सगळे विधी उरकल्यावर अस्थी घेऊन जायच्या आदल्या दुपारी तेत्सुरो घर बघायला आला. चित्रं हिसाएंनी संग्रहालयाला दिली होती, ती न्यायला माणसं दोन दिवसांनी येणार होती. गराजमध्ये तो हिंडला, मागे ठेवलेलं ते काळं चित्र दिसल्यावर थांबला.

शरयूला राहवलं नाही. "त्या वर्षी त्यांनी काहीच काढलं नव्हतं," ती म्हणाली.

तो वळला.

"तुमच्या आजारपणाच्या वर्षी. तुम्ही त्या दिवशी गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. तार आल्यानंतर त्यांचा हात उचलेना. रोज कॅनव्हाससमोर बसायच्या. प्रदर्शन रद्द झालं. वर्षभर हॉटेलात भांडी घासली. एक रेघही नाही."

"एकही नाही?"

"नाही."

रंगांचे डबे ठेवायचं एक खोकं होतं, त्यावर तो बसला. चष्मा काढून हातात धरला. "मला वाटलं, ते वर्ष तिच्या लेखी काहीच नव्हतं," तो म्हणाला. "दुकानात गिऱ्हाईक येतं, मोठं काहीतरी दाखवा म्हणतं, तसं तिने हाताशी होतं ते मोठं चित्र दाखवलं. माझं आजारपण तिच्या हिशेबात कुठे नव्हतंच. असं वाटलं मला. म्हणून मी परत आलो नाही."

"त्यांना लाज वाटली. निदान चित्र तरी असायला हवं होतं, म्हणाल्या."

"मला चित्र कशाला हवं होतं?" तो एकदम मोठ्याने म्हणाला, आणि मग पुन्हा हळू आवाजात, "काढता आलं नाही, एवढंच म्हणाली असती तरी..." त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मी सांगायला हवं होतं. तुम्हाला तरी."

"मीच तुम्हाला गप्प केलं होतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर शरयूला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला विमानतळावर नेलं. पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी त्याने मांडीवर घेतली होती. सीटबेल्ट पेटीवरून घेऊन त्याने तो नीट लावला. रस्त्यात त्याने दुकान कसं चाललंय विचारलं, प्रतिमा आता काय करते विचारलं. शरयूने सांगितलं, सप्टेंबरात ती कॅलिफोर्नियाला कॉलेजला जाणार, आतापासूनच अर्धी खोली रिकामी करून बसली आहे. "फोन करत जा म्हणावं," तो म्हणाला.

आत येऊ का, असं तिने विचारलं. नको म्हणाला. पेटी दोन्ही हातांत धरलेली असल्याने त्याला धड वाकताही आलं नाही. नुसती मान लववून तो काचेच्या दरवाजातून आत गेला, गर्दीत थोडा वेळ त्याची करडी पाठ दिसत राहिली.

शरयू गाडीतच बसून होती. पोलिसाने काचेवर टकटक करून पुढे व्हायला सांगितलं तेव्हा तिने गाडी काढली. पाऊस लागला होता. बॉथेलला वळायचा फाटा मागे पडला हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही ती कितीतरी वेळ तशीच सरळ चालवत राहिली.